लेकरांच्या चालीने

वाचनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ति ३३:१२–१७, लूक २:४१–५०



बारामती तालुक्यातले वडगाव निंबाळकर आपल्यापैकी पुष्कळांनी नीरा–बारामती रस्त्याने जाताना पाहिले असेल. दक्षिणेला नीरा नदी, ब्रिटिश काळात काढलेला नीरा डावा कालवा, आणि नजर जाईल तिकडे ऊस. दिवाळी झाली की या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगरकडून येतात, तशा जळगाव, धुळे, नंदुरबारकडूनही येतात. खानदेशातून येणाऱ्या टोळ्यांत आपले भिल्ल बांधव पुष्कळ असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच त्यांचे घर. लेकरे अर्थातच सोबत असतात, कारण मागे ठेवायची कुणाकडे?

गेल्या हंगामात अशाच एका अड्ड्यावर मी पाच-सहा दिवस हिंडले. प्रत्येक कोपीत बसले, चहा प्याले, आणि लेकरांना शाळेत घाला म्हणून विनवले. शेवटी अकरा मुलांची नावे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. शाळा अड्ड्यापासून साधारण दोन किलोमीटर. पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांच्यासोबत चालत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली थोरली, दहा वर्षांची मुलगी, तिला म्हटले, "बाळा, तू मोठी आहेस. सगळ्यांना नीट घेऊन जा, नीट घेऊन ये." आणि मी दुसऱ्या अड्ड्याच्या कामाला लागले. माझ्या डायरीत त्या दिवशी "११ प्रवेश पूर्ण" असे लिहिलेले आहे. पूर्ण या शब्दाखाली रेघसुद्धा मारलेली आहे.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन आला. शाळा सुटल्यावर मुले डांबरी रस्ता ओलांडायला कडेला थांबली होती. उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली. थोरलीचा सहा वर्षांचा भाऊ गाडी गेली असे समजून पुढे धावला. दुसऱ्या ट्रॉलीचे चाक त्याच्यापासून हातभर होते. बहिणीने दप्तर धरून त्याला मागे ओढले. दप्तराचा पट्टा तुटला, पाटीचा चुरा झाला, पोराचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. प्रभूची दया, एवढ्यावर निभावले.

मी रात्री अड्ड्यावर पोचले तेव्हा त्या लेकरांचा बाप चुलीजवळ बसला होता. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "ताई, पोरं शाळेत तुम्ही घातली. वाटेवर कोण होतं?"

दुसऱ्या दिवसापासून अकरापैकी एकही मूल शाळेत गेले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला याकोबाची आठवण झाली. हा भाग आपण बहुधा दोन भावांच्या समेटासाठी वाचतो. वीस वर्षांचे वैर संपले आहे, एसाव चारशे माणसे घेऊन आला आहे, भाऊ गळ्यात पडून रडले आहेत. मग एसाव म्हणतो, चला, बरोबरच निघू. याकोब नको म्हणतो. त्याचे कारण असे: लेकरे कोवळी आहेत, दुभती जनावरे सोबत आहेत, एक दिवस जरी दामटले तरी निभायचे नाहीत, तू पुढे हो, मी गुराढोरांच्या आणि लेकरांच्या चालीने हळूहळू येतो.

डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की इथे याकोबाच्या मनात भीती आणि चतुराईही आहे. ते खरेच दिसते, कारण तो भावाच्या मागे सेईरला गेलाच नाही, सुक्कोथला जाऊन राहिला. म्हणून त्याला फार मोठा करायला नको. तरीपण त्याने सांगितलेले कारण एसावाला ताबडतोब पटले, हे पाहा. चारशे माणसांचा नायक म्हणाला नाही की मुलांनी पाय उचलावेत, मोठ्यांसारखे चालावे. लेकरे सोबत असली की सगळ्या तांड्याची चाल लेकरांच्या पायांवरून ठरते, हे त्या काळच्या रानातल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

आपण उलटे करतो. रस्ता मोठ्यांच्या चालीने धावतो आणि आपण मुलाला सांगतो, "सांभाळून जा हं." मीही तेच सांगितले होते.

स्वीडनमध्ये स्टिना सांडेल्स नावाच्या अभ्यासक बाईंनी १९६० च्या दशकात लहान मुले रस्त्यावर कशी वागतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की लहान मुलाला कितीही शिकवले तरी त्याला वाहतुकीच्या पूर्ण जोगते करता येत नाही. वाहतूकच मुलाच्या जोगती करावी लागते. नऊ-दहा वर्षांच्या आतल्या मुलाला येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा अंदाज नीट येत नाही. आवाज कोणत्या बाजूने आला हे पटकन कळत नाही. पलीकडे आई दिसली, मित्र दिसला, कुत्र्याचे पिल्लू दिसले, की मधला रस्ता त्याच्यापुरता नाहीसाच होतो. हा द्वाडपणा नव्हे. देवाने लेकरू त्या वयात तसेच घडवले आहे. मग सहा वर्षांच्या भावाची जबाबदारी दहा वर्षांच्या बहिणीवर टाकणारी मी कोण होते?

तीन दिवसांनी मी पुन्हा अड्ड्यावर गेले. या वेळी शाळेची गोष्ट काढली नाही. रविवार होता, फड बंद होता. त्या बापाला म्हटले, "दादा, माझ्यासोबत शाळेपर्यंत एकदा चाला. पोरंही घेऊ. शाळेत जायचं नाही, नुसता रस्ता बघायचा." तो आला. आणखी दोन जण आले. कोपीत मुले सांभाळायला राहणारी एक आजीही काठी घेऊन निघाली.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या जवळपास मुले चालत शाळेत जात असतील तर एकदा तरी असे चाला, आणि जागोजागी खाली बसून पाहा. उभ्याने जो रस्ता मला मोकळा दिसत होता, तो मुलाच्या उंचीवरून दिसतच नव्हता. वळणावर साइडपट्टीपर्यंत ऊस आलेला. माझ्या डोळ्यांना उसाच्या कडेवरून गाडी दिसायची, मुलाला फक्त हिरवी भिंत. चारीवरच्या मोरीला कठडा नाही. एका जागी पाणंद डांबरीला मिळते तिथे उतार आहे, मुले धावत उतरतात आणि थेट रस्त्यावर येतात. हे तीनही धोके मी आधी दोनदा तिथून जाऊन पाहिले नव्हते. मुलांना मात्र ठाऊक होते. मोरीपाशी आल्यावर थोरली आपोआप भावाचा हात धरून आतल्या बाजूला झाली.

त्या दिवशी आम्ही मुलांकडूनच रस्ता शिकलो आणि मग त्यांना काही गोष्टी शिकवल्या. त्या इथे लिहिते, कारण संडे स्कूलच्या शिक्षकांना त्या जशाच्या तशा घेता येतील.

पहिली गोष्ट बाजूची. आपल्यापैकी अनेकांना शाळेत "डाव्या बाजूने चाला" असे पढवले आहे. ते गाड्यांसाठी आहे. जिथे पादचारी मार्ग नाही अशा रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे, म्हणजे जवळच्या बाजूने येणारी गाडी समोरून येते, डोळ्यांना दिसते, आणि वेळेवर बाजूला होता येते. डावीकडून चाललो तर गाडी पाठीमागून येते. उसाच्या गाड्यांवर गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात की ड्रायव्हरला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मग त्याला पुढच्या लेकराची हाक काय ऐकू येणार! मुलांना आम्ही हे असे सांगितले: गाडीचे तोंड दिसले पाहिजे. हे वाक्य त्यांनी लगेच उचलले. फक्त वळणावर जिथे उजवीकडे उसाची भिंत आहे, तिथे ती बाजू सोडून आधीच, सरळ रस्त्यावर थांबून, मोठ्या माणसासोबत पलीकडे जायचे आणि वळण संपल्यावर परत यायचे.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची, जिने आमचा घात होता होता राहिला. ट्रॅक्टर गेला म्हणजे गाडी गेली, असे मुलाला वाटते, कारण त्याच्या मनात गाडी म्हणजे इंजिन. आम्ही मातीत काड्यांचा ट्रॅक्टर केला, मागे दोन खोकी बांधली आणि मुलांकडून मोजून घेतले: एक, दोन, तीन. तीन झाल्यावरही लगेच निघायचे नाही, कारण मागे अडकलेला मोटारसायकलवाला ट्रॅक्टरला वळसा घालून पुढे यायच्या घाईत असतो. धूळ खाली बसेपर्यंत थांबायचे. खोकी बांधलेला ट्रॅक्टर वळवला तेव्हा मुलांनीच ओळखले की मागचे खोके आतल्या कडेला घासत येते. मग वळणाच्या आतल्या बाजूला का उभे राहायचे नाही, हे वेगळे समजवावे लागले नाही.

आता उसाच्या कांड्यांविषयी. हे लिहिताना हसू येते आणि काळजातही धस्स होते. भरलेल्या ट्रॉलीतून ऊस ओढायला मुले मागे धावतात. आपणही लहानपणी केले असेल. मी केले आहे. लोंबणारा ऊस ओढला की कधी अख्खी मोळी सरकते, कधी पाय चाकाखाली येतो, कधी मागून येणारी गाडी दिसत नाही. नुसते "करू नका" म्हणून हे थांबत नाही. त्या आजीने तोड काढली. ती म्हणाली, "आमी ऊसच तोडतो की! रोज एक कांडं पिशवीत देते. रस्त्यावरचा कशाला?" त्या दिवसापासून शाळेतून परत येताना पाणंदीत शिरल्यावर, डांबरी मागे पडल्यावर, प्रत्येकाला आजीच्या पिशवीतून एक कांडे मिळू लागले.

कालव्याचे पाणी हा वेगळा धोका. आवर्तन सुटलेले असले की पाणी वरून संथ दिसते पण ओढ मोठी असते, आणि उतरत्या काठावरचे शेवाळ पाय टिकू देत नाही. मुले खाली उतरतात ती बहुतेक दोन कारणांनी: तहान लागते म्हणून आणि पाटी धुवायला. म्हणून आम्ही बाटल्या दिल्या आणि पाटी पुसायला ओले फडके. एवढ्याने काठाकडची वळवळ पुष्कळ कमी झाली. तरी एक गोष्ट पाठ करून घेतली आहे. कुणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी टाकायची नाही. ओढणी, काठी, दोर, जे हाताशी असेल ते फेकायचे आणि ओरडायचे. भावामागे बहीण उडी घेते आणि दोन्ही लेकरे जातात, असे आपण वर्तमानपत्रांत किती वेळा वाचतो.

ही शिकवण चांगलीच आहे, पण वर सांडेल्स बाईंचे जे म्हणणे सांगितले, ते विसरू नका. शिकवलेले मूलही मूलच असते. सोबत मोठे माणूस हवे. आणि इथेच खरी अडचण येते. ऊसतोडीचे आई-बाप पहाटे अंधारात फडावर गेलेले असतात. त्यांनी लेकरांना शाळेत सोडावे असे म्हणणे म्हणजे त्यांनी दिवसाची मजुरी सोडावी असे म्हणणे. मुकादमाची उचल अंगावर असताना ते होणे नाही. बापाने मला विचारलेला प्रश्न त्याच्या निष्काळजीपणातून आला नव्हता. तो वाटेवर असूच शकत नव्हता, म्हणून त्याने विचारले.

ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात एक कल्पना मांडली, ती पुढे अनेक देशांत पसरली. तिला पायी चालणारी शाळेची बस म्हणतात. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. पुढे एक मोठे माणूस, मागे एक, मध्ये मुले. जपानमध्येही लहान मुले घोळका करून शाळेत चालत जातात आणि पहिलीची मुले पिवळी टोपी घालतात, म्हणजे लांबून दिसतात. हे मी अड्ड्यावर सांगायला लागले तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे दिंडीच की!" आणि खरेच. सोपानकाकांची पालखी याच नीरा–बारामती पट्ट्यातून जाते. हजारो माणसे, त्यात म्हातारी, लेकुरवाळी, तरी दिंडी तुटत नाही, कारण पुढे कोण, मागे कोण हे ठरलेले असते आणि पताका लांबून दिसते. आमच्या शेजाऱ्यांकडून हे शिकायला मला काही कमीपणा वाटला नाही. आम्ही जुन्या भगराच्या पोत्याला लाल कापड शिवले, बाजूने रेडियमची पट्टी लावली आणि काठीला बांधून मागच्या माणसाच्या हातात दिले. प्रत्येक दप्तरालाही मागे रेडियमची पट्टी चिकटवली. पट्टी दुकानात सहज मिळते. डिसेंबरात शाळा सुटून घरी पोचेपर्यंत सूर्य बुडायला आलेला असतो आणि मावळतीचे ऊन समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर असते, तेव्हा तिची किंमत कळते.

मागच्या माणसाचे काम मोजण्याचे. इथे लूकचा दुसरा अध्याय उघडा. बारा वर्षांचा येशू, वल्हांडणाचा सण आटोपून नाझरेथाकडे परतणारी मंडळी. योसेफ आणि मरीया एक दिवसाची वाट चालून गेले, तोपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. का? तो वाटेच्या सोबत्यांमध्ये असेल असे त्यांनी गृहीत धरले. ते निष्काळजी आई-बाप होते असे कुणी म्हणेल काय? घोळका मोठा असला की असेच होते. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत असेल. घोळक्यामुळे मूल सुरक्षित राहते आणि घोळक्यातच ते हरवतेही. म्हणून आमच्याकडे तीनदा मोजणी होते: निघताना, डांबरी ओलांडल्यावर, शाळेच्या दारात. येताना पुन्हा तीनदा. मोजणी आकड्याने नाही, नावाने. आकडा चुकून जुळतो. नावाला उत्तर द्यावे लागते.

आमच्या रांगेत पुढे अजून तीन मुले मिळाली, त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय हा पाठ अपुरा राहील. ती फासेपारधी वस्तीवरची. त्यांच्या वस्तीवरून शाळा बांधाबांधाने जेमतेम एक किलोमीटर आहे, पण मुले कालव्याच्या कडेने मोठा वळसा घालून यायची. मी विचारले, जवळची वाट का सोडता? उत्तर मिळाले, "तिकडनं गेलं की इचारत्यात, कुणाचा रं तू? कशाला आलास?" १८७१ साली इंग्रज सरकारने जो कायदा केला, त्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला. कागदावरचा शिक्का गेला, पण बांधावर अजून आठ वर्षांच्या पोराकडे दप्तर असूनही त्याला विचारले जाते की कशाला आलास. मग ते पोर धोक्याच्या काठाने चालते, कारण पाण्याला त्याची जात ठाऊक नसते. मुलांच्या सुरक्षिततेवर बोलताना आपण गाड्यांवर बोलतो आणि थांबतो. या मुलांना गाडीपेक्षा माणसाचे भय जास्त होते.

त्यावर आम्ही एवढेच केले. आपल्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक आणि मी, दोघे त्या बांधाच्या मालकाच्या घरी गेलो. चहा झाला. गुरुजींनी सांगितले की उद्यापासून ही तीन मुले तुमच्या बांधावरून शाळेत जातील, सोबत मी असेन. मालक जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "मोटारीपाशी वायर उघडी आहे, तिकडून नका नेऊ, वरच्या बांधाने या." पंधरा दिवसांनी गुरुजी एकदा आजारी पडले, तर मालकांच्या सुनेनेच मुलांना रस्त्यापर्यंत आणून सोडले. सगळीकडे असे घडेल असे मी म्हणत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवले आणि ती मुले आजही वळसाच घालतात.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगते, कारण काम करणाऱ्यांना ती लागते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. जिथे तशी शाळा नाही, तिथे मुलांच्या वाहतुकीच्या सोयीसाठी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी करता येते. कागदपत्रे नाहीत किंवा वर्ष अर्धे झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कोपीतले मूलही त्या गावचेच मूल धरायचे असते. २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा आदेश आहे. थंडीच्या दिवसांत धुक्यातून चालणाऱ्या लहानग्यांसाठी तो मोलाचा आहे, तेव्हा आपल्या शाळेत त्याप्रमाणे होते का ते पाहावे. ग्रामपंचायतीला आम्ही दोन अर्ज दिले, मोरीच्या कठड्याचा आणि वळणावरचा ऊस साइडपट्टी सोडून मागे घेण्याविषयीचा. उसाचे काम आठवड्यात झाले. शेतकऱ्याने स्वतःच कडेच्या दोन सऱ्या आधी तोडून दिल्या. कठडा हा पाठ लिहीपर्यंत झालेला नाही. अनुवादाच्या बावीसाव्या अध्यायात नव्या घराच्या गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाही तर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. मोरीसाठी ग्रामपंचायतीत हे वचन कसे वापरावे हे मला अजून सुचलेले नाही!

अपघात झालाच तर काय? १०८ ला फोन करावा आणि जखमीला मदत करावी. पोलिसांच्या फेऱ्यांत अडकू या भयाने लोक बाजूने निघून जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले आहे. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे आणि स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. यरीहोच्या वाटेवरच्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. तिच्यासोबत हे कलमही पाठ असू द्या.

आता त्या अकरा मुलांचे. रविवारच्या त्या चालण्यानंतर बाप काही बोलला नाही. सोमवारी पाच मुले आली. आजी पुढे, मी मागे, हातात लाल पताका. बुधवारी सात झाली. थोरली आणि तिचा भाऊ आले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मोजणी करून आम्ही निघालो, तर कोपीच्या दारातून थोरली भावाचे बोट धरून आली. पट्टा सुतळीने शिवलेला होता. मी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. नंतर आजीकडून कळले की बापाने आदल्या रात्री तिला विचारले होते, "म्हातारी रोज जाते का?" आजी रोज जात होती, हेच त्याला पाहायचे होते.

आजीला मंडळीने मानधन देऊ केले. ती म्हणाली, पैसे पोरगा घेईल, मला चपला द्या. चपला दिल्या. तीन महिन्यांत झिजल्या म्हणून दुसऱ्या दिल्या. ज्या दिवशी तिला ताप होता त्या दिवशी आपल्या महिला मंडळाच्या दोघी बारामतीहून पहिल्या एसटीने आल्या. एकूण सहा जण आलटून पालटून आले. डांबरी ओलांडताना एकीचे पाय थरथरत होते, ती मला म्हणाली, "अहो, मलाच भीती वाटते, ही रोज कशी जात होती?"

मार्चच्या अखेरीस पट्टा पडला आणि टोळी एका रात्रीत गेली. शाळेतून मुलांचे दाखले आणि शिकल्याची नोंद घेऊन मी ती आई-बापांच्या हातात दिली होती, गावाकडच्या शाळेत दाखवा म्हणून. जूनमध्ये मुकादमाच्या नंबरवर तीनदा फोन केला. लागला नाही. थोरली आज पाचवीत बसली आहे की धाकट्यांना सांभाळत कोपीत बसली आहे, हे मला माहीत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.

हा पाठ मंडळीत किंवा तरुण संघात घेणाऱ्यांनी आधी दोन्ही शास्त्रभाग वाचावेत आणि मग सभासदांना विचारावे: आपल्या चर्चपासून जवळच्या जिल्हा परिषद शाळेत किती मुले चालत येतात, कोणत्या वस्तीवरून, आणि वाटेवर मोठे माणूस कोण असते? उत्तर ठाऊक नसेल तर पाठ तिथेच थांबवून पुढच्या सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहावे. उरलेला पाठ त्यानंतर घेतला तरी चालेल.

दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा उतरतील. नव्या मुलांना वाट पायाखालची व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, असा आमचा अनुभव आहे. त्या सहा आठवड्यांसाठी पुढे एक आणि मागे एक अशी रोज दोन माणसे हवी आहेत. आठवड्यातून एक दिवस दिला तरी पुरे. येणाऱ्यांनी सकाळी नऊपर्यंत वडगाव निंबाळकरच्या एसटी थांब्यावर पोचावे, पाण्याची बाटली आणि शक्यतो भडक रंगाचा शर्ट किंवा ओढणी असावी. चपलांपेक्षा बूट बरे, चारीजवळ चिखल असतो. चालायला वेळ लागतो. दोन किलोमीटरला पाऊण तास धरावा.